प्रेवेलीची पुळण आणि तिच्यामागची नदी

ग्रीसच्या क्रीट बेटावरच्या प्रेवेलीच्या पुळणीवर या टोकाकडून त्या टोकाला जायचं असेल तर मधे नदी ओलांडावी लागते. ऑक्टोबरच्या एका सकाळी मी चपला हातात घेऊन त्या पाण्यात पाय टाकला आणि कळ थेट गुडघ्यापर्यंत गेली, इतकं ते गार होतं. दहा-बारा पावलं पुढे समुद्र मात्र कोमट. वाळूचा जो पट्टा दोघांच्या मधे येतो तो इतका अरुंद होता की एक पाय नदीत आणि एक समुद्रात ठेवून उभं राहता यावं. मी तशी बराच वेळ उभी राहिले. मागे खजुरीची दाट राई, समोर लिबियाचा समुद्र, आणि कानावर फक्त पाण्याचे दोन वेगवेगळे आवाज.

लोक ही जागा ‘शांत बीच’ म्हणून शोधत येतात. त्यात चूक काहीच नाही, मीही तशीच गेले होते. पण परत आल्यावर वाचत गेले तसं लक्षात आलं की या चिमुकल्या नदीमुखाशी जे जे घडलं, ते जवळजवळ सगळं या गार पाण्यामुळे घडलं. म्हणून ही पार्श्वभूमी, जाणाऱ्यांसाठी आणि न जाणाऱ्यांसाठीही.

क्रीट हे ग्रीसचं सर्वांत मोठं बेट. पूर्व-पश्चिम सुमारे २६० किलोमीटर लांब, आणि दक्षिणोत्तर इतकं चिंचोळं की गाडीने एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर तासाभरात पोचता येतं. मोठी शहरं, बंदरं, विमानतळ सगळं उत्तरेला. दक्षिणेला डोंगर थेट समुद्रात उतरतात. सपाट जमीन थोडी, रस्ते वळणावळणाचे, आणि समोर जवळपास ३०० किलोमीटरवर आफ्रिका. उत्तरेकडच्या रेथिम्नो शहरातून दक्षिणेला निघालं की कुर्तालिओतिको नावाच्या घळीतून रस्ता जातो. दोन्ही बाजूंना उभे कडे, वर घिरट्या घालणारी गिधाडं, आणि वाऱ्याचा असा फटकारा की गाडीचं दार उघडताना दोन्ही हात लावावे लागतात. या वाऱ्याच्या टाळ्या वाजल्यासारख्या आवाजावरूनच घळीला हे नाव पडलं, असं तिथले लोक सांगतात.

आपल्याला सह्याद्रीची सवय. तिथे काळ्या बेसॉल्टवर पाऊस पडतो, धबधब्यांनी खाली येतो आणि चार महिन्यांत बराचसा समुद्राला मिळतो. क्रीटचे डोंगर चुनखडीचे. हा दगड पाणी गिळतो. हिवाळ्यातला पाऊस आणि शिखरांवरचं वितळणारं बर्फ भेगांतून आत झिरपतं, डोंगराच्या पोटात साठतं आणि सावकाश कुठेतरी खालच्या अंगाला झऱ्यांनी बाहेर पडतं. कुर्तालिओतिकोच्या तळाशी असेच झरे आहेत. सेंट निकोलसच्या नावाचं एक छोटं चॅपेल त्यांच्याजवळ बांधलेलं आहे. कथा अशी की तहानेल्या भक्तांसाठी संताने कातळावर हात टेकला आणि पाच बोटांच्या जागी पाच धारा फुटल्या. ही कथा ऐकताना कुणाही मराठी माणसाला घरच्यासारखं वाटेल. बाण मारून गंगा काढल्याच्या, काठी रोवून झरा फोडल्याच्या गोष्टी आपल्याकडे गावोगाव आहेत. जिथे उन्हाळ्यात ओढे कोरडे ठणठणीत पडतात, तिथे बारमाही पाणी दिसलं की माणूस त्यामागे कुणीतरी दयाळू असल्याचं गृहीत धरतो.

हे पाणी पुढे मेगालोस पोतामोस, म्हणजे ‘मोठी नदी’, या नावाने समुद्राकडे जातं. आपल्या हिशेबाने तो एक बऱ्यापैकी ओढा. पण दक्षिण क्रीटमध्ये जी नदी ऑगस्टमध्येही वाहते तिला मोठी म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

कोकणातलं नदीमुख डोळ्यांसमोर आणून इथे गेलात तर एक गोष्ट चटकन जाणवेल: इथे खाडी नाही. मुंबईला उधाणाची भरती साडेचार मीटरच्या वर जाते. ते पाणी दिवसातून दोनदा नदीत आत घुसतं, मुख रुंद करतं, गाळ पसरवतं, तिवरांना खारं पाणी पाजतं. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. क्रीटच्या किनाऱ्यावर ती वीतभराच्या आसपास. त्यामुळे लाटांनी आणलेली वाळू नदीच्या तोंडाशी दांडा घालते, नदी त्यामागे तुंबते, तिचा लांबट शांत डोह होतो आणि उरलेलं पाणी एखाद्या अरुंद वाटेने समुद्रात शिरतं. डोहातलं पाणी गोडं राहतं. प्रेवेलीच्या पुळणीला स्थानिक लोक ‘लिम्नी’, म्हणजे तळं, म्हणतात ते यामुळेच. आणि समुद्रापासून हाकेच्या अंतरावर खजुरीची राई उभी राहू शकते तीही यामुळेच.

या पाण्याकडे माणूस कधीपासून येतोय, या प्रश्नाचं उत्तर २०१० मध्ये अचानक खूप मागे गेलं. अमेरिकन पुरातत्त्वज्ञ थॉमस स्ट्रासर आणि ग्रीसच्या सांस्कृतिक खात्याच्या एलेनी पानागोपुलू यांच्या पथकाने २००८ आणि २००९ मध्ये प्लाकियास गाव ते प्रेवेलीची घळ हा पट्टा पायी धुंडाळला. त्यांची शोधण्याची रीत मला फार आवडली. ग्रीसच्या मुख्य भूमीवर मध्याश्मयुगातली माणसं कुठे राहायची हे त्यांनी आधी पाहिलं: चुनखडीच्या गुहा किंवा कपारी, जवळ समुद्र, जवळ बारमाही गोडं पाणी. मग क्रीटच्या नकाशावर अशा जागा कुठे आहेत ते शोधलं, आणि नदीमुखांकडे वळले. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीची हत्यारं मिळतील अशी अपेक्षा होती, ती मिळालीही. पण त्यांच्याबरोबर गारगोटीसारख्या पांढऱ्या दगडातून घडवलेल्या ओबडधोबड हातकुऱ्हाडी निघाल्या, ज्यांची घडण कितीतरी जुन्या काळातली होती. एकंदर २८ ठिकाणं आणि २००० हून जास्त दगडी वस्तू.

वय ठरवायला तिथल्या भूगोलाने मदत केली. क्रीट हे बेट भूकंपांच्या धक्क्यांनी वर उचललं जात आलं आहे, त्यामुळे जुने समुद्रकिनारे आज डोंगराच्या अंगावर पायऱ्यांसारखे दिसतात. जितकी वरची पायरी तितकी ती जुनी. काही हत्यारं अशा वरच्या पायऱ्यांच्या मातीत रुतलेली होती, आणि त्यांचं वय किमान १,३०,००० वर्षं निघालं.

हा आकडा पुरातत्त्वज्ञांना का हादरवून गेला, ते सांगायला हवं. क्रीट हे सुमारे ५० लाख वर्षांपासून बेटच आहे. समुद्राची पातळी हिमयुगात खाली गेली तेव्हाही ते जमिनीला जोडलं गेलं नव्हतं. म्हणजे ज्यांनी त्या कुऱ्हाडी केल्या ते पाण्यावरून आले. आणि इतक्या मागच्या काळात आपली आधुनिक मानवजात युरोपात स्थिरावलेली नव्हती. आले ते कुणी आधीचे मानव असावेत. सगळ्या अभ्यासकांनी हे मान्य केलेलं नाही. काहींना तारखेची शंका आहे, काहींना दगड खरंच हाताने घडवलेले आहेत का याची. वाद चालू आहे आणि चालू राहावा. मला मात्र पुळणीवर उभं राहून वर घळीच्या तोंडाकडे पाहताना एवढं पटलं की पाणी शोधत किनाऱ्या-किनाऱ्याने येणारा कुणीही इथेच थांबला असता.

आता त्या खजुरीबद्दल. दुरून ती आपल्या ओढ्याकाठच्या शिंदीसारखी दिसते, आणि ते साम्य वरवरचं नाही. शिंदी, खाण्याच्या खजुराचं झाड आणि ही क्रीटची खजुरी, तिघी एकाच कुळातल्या सख्ख्या बहिणी. शिंदी एका खोडाने सरळ वर जाते. क्रीटची खजुरी मात्र बुंध्यातून अनेक खोडं काढते आणि झुडपासारखी फैलावते. पानांची टोकं तीक्ष्ण, फळ लहान, कोरडं, गर नावापुरता. फळासाठी तिला कुणी लावत नाही.

इसवी सनापूर्वी चौथ्या-तिसऱ्या शतकांत होऊन गेलेल्या थिओफ्रास्टसने, म्हणजे ॲरिस्टॉटलच्या शिष्याने, वनस्पतींवर लिहिताना क्रीटमध्ये एकाहून जास्त खोडांच्या खजुरी बऱ्याच आढळतात, अशी नोंद केली होती. पुढे दोन हजार वर्षं त्या नोंदीकडे कुणी फारसं वळून पाहिलं नाही. झाडं परकी आहेत अशीच समजूत होती. बेटाच्या पूर्व टोकाला वाई नावाच्या जागी या खजुरीचं सर्वांत मोठं वन आहे. त्याबद्दल लोक सांगायचे की अरब चाच्यांनी किंवा इजिप्तच्या सैनिकांनी खजूर खाऊन बिया थुंकल्या, त्यातून हे रान माजलं. शेवटी १९६७ मध्ये वेर्नर ग्रॉइटर या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने ही स्वतंत्र जात असल्याचं मांडलं आणि तिला थिओफ्रास्टसचं नाव दिलं: फिनिक्स थिओफ्रास्टी. क्रीट आणि तुर्कस्तानच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरच्या मोजक्या जागा सोडल्या तर ती नैसर्गिक अवस्थेत जवळपास कुठेच नाही. क्रीटवरच्याच प्राचीन मिनोअन संस्कृतीच्या क्नोसोस इथल्या राजवाड्यात सापडलेल्या मातीच्या रांजणांवर जी खजुरीची चित्रं आहेत, ती काढणाऱ्याने झाड पाहायला आफ्रिकेत जायची गरज नव्हती, हे या शोधानंतर नव्याने लक्षात येतं.

पुळणीला प्रेवेली हे नाव मिळालं ते वरच्या मठामुळे. मठ एक, पण त्याच्या वास्तू दोन. नदीकाठी आतल्या अंगाला ‘कातो’, म्हणजे खालचा मठ, बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या नावाचा. आणि समुद्राकडे तोंड करून डोंगराच्या कुशीत ‘पिसो’, म्हणजे मागचा मठ, प्रेषित योहानाच्या नावाचा. दोन्ही नेमके कधी उभे राहिले याचा लेख नाही, पण मठाच्या एका घंटेवर १५९४ हे साल कोरलेलं आहे. म्हणजे व्हेनिसच्या राजवटीतलं. तेव्हाच्या किनाऱ्यावर चाच्यांची दहशत होती. खुद्द रेथिम्नो शहर १५७१ मध्ये लुटलं आणि जाळलं गेलं. अशा वेळी दऱ्याखोऱ्यांत लपलेली, घळीने राखलेली, तरीही पाण्याची ददात नसलेली जागा मठाला सोयीची होती. झऱ्यांवर गिरण्या चालत, उतारावर ऑलिव्ह लावता येत.

१६४६ मध्ये रेथिम्नो तुर्कांच्या हाती गेलं, १६६९ पर्यंत जवळजवळ सगळं बेट. मठाचं नुकसान झालं, पुन्हा उभा राहिला. १७९८ मध्ये त्याला थेट कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मप्रमुखाच्या छत्राखाली घेण्यात आलं. याने प्रतिष्ठा तर वाढलीच, पण स्थानिक अधिकाऱ्यांच्या मनमानीपासून थोडं संरक्षणही मिळालं. या संरक्षणाचा उपयोग मठाने जो केला तो आपल्याला मठ म्हटल्यावर सहसा सुचणार नाही. १८२१ मध्ये ग्रीसमध्ये स्वातंत्र्ययुद्ध पेटलं तेव्हा मठाधिपती मेल्खिसेदेक त्सुदेरोस याने माणसं जमवली, त्यांना हत्यारं दिली आणि स्वतः त्यांच्या पुढे चालू लागला. मठ सूडापोटी जाळण्यात आला. मेल्खिसेदेक १८२३ मध्ये लढाईतच पडला.

पुढचा मोठा उठाव १८६६ चा. त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये उत्तरेकडच्या अर्कादी मठात वेढ्यात सापडलेल्या शेकडो लोकांनी, त्यांत बायका-मुलंही होती, शरण जाण्याऐवजी दारूच्या कोठाराला आग लावून घेतली. अर्कादीचं नाव युरोपभर झालं. प्रेवेलीचं तसं झालं नाही, पण त्या उठावात दक्षिणेकडच्या निर्जन किनाऱ्यावर उतरणारी मदत आणि माणसं यांना मठाचा आधार होता, आणि १८६७ मध्ये खालचा मठ पुन्हा जाळला गेला. नदीवर १९व्या शतकाच्या मध्यात बांधलेला दगडी कमानींचा पूल या सगळ्यातून वाचला. तो आजही वापरात आहे. खालच्या मठाकडे जाताना तिथे जरूर थांबा. कमानीखाली उतरलं की नदी समुद्राला मिळण्याआधी कशी असते ते दिसतं: काचेसारखी स्वच्छ, उथळ, आणि भर दुपारीही सावलीतली.

१८९८ मध्ये क्रीट स्वायत्त झालं, १९१३ मध्ये ग्रीसमध्ये सामील झालं. मठाला जेमतेम एक पिढी उसंत मिळाली.

२० मे १९४१ च्या सकाळी जर्मन छत्रीधारी सैनिक क्रीटच्या उत्तर किनाऱ्यावर उतरायला सुरुवात झाली. बेटावर ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, न्यूझीलंडचे आणि ग्रीक सैनिक होते. दहा-बारा दिवसांत लढाई हरली. हजारो सैनिक डोंगर ओलांडून दक्षिणेकडे स्फाकियाला धावले. तिथून नौदलाने रात्रींच्या अंधारात जमेल तितक्यांना इजिप्तला नेलं. १ जूनला शेवटची जहाजं निघून गेली तेव्हा हजारो सैनिक किनाऱ्यावरच उरले होते. त्यांतले बरेच कैद झाले. जे निसटले ते डोंगरांत पांगले, आणि त्यांची वाट पाहणारं कुणी नव्हतं. पायांत फाटके बूट, भाषा येत नाही, खायला नाही.

त्यांना ज्यांनी दारात उभं केलं, त्यांनी काय पणाला लावलं होतं ते आधी सांगते. २ जूनला कोंदोमारी गावातल्या पुरुषांना जर्मनांनी ऑलिव्हच्या बागेत रांगेत उभं करून गोळ्या घातल्या. ३ जूनला कांदानोस हे गाव जमीनदोस्त केलं आणि तिथे तशा पाट्या लावल्या. ही बातमी डोंगरात सगळीकडे पोचली होती. तरीही गावोगावच्या बायकांनी या परक्या पोरांना भाकरी-ऑलिव्ह दिलं, आपल्या घरातल्या पुरुषांचे कपडे दिले, गुहांत लपवलं. आणि कानोकानी एक निरोप फिरत गेला की प्रेवेलीला जा, तिथे मठाधिपती आहे.

तेव्हाचा मठाधिपती अगाथांगेलोस लागुवार्दोस. त्याने मठाची कोठारं या माणसांसाठी उघडली. एकाच ठिकाणी इतके जण ठेवणं धोक्याचं, म्हणून आसपासच्या गावांत, गोठ्यांत, कपारींत त्यांची पांगापांग केली. आणि समुद्राकडे नजर ठेवली.

जुलैच्या शेवटी थ्रॅशर नावाची ब्रिटिश पाणबुडी रात्री किनाऱ्याजवळ आली. तिच्यातून फ्रान्सिस पूल नावाचा नौदल अधिकारी उतरला. युद्धाआधी तो क्रीटमध्येच, समुद्रावर उतरणाऱ्या विमानांच्या तळावर कामाला होता, त्यामुळे त्याला बेट आणि भाषा दोन्ही माहीत. तो मठाधिपतीला भेटला, आणि लपलेल्या माणसांपैकी पहिली तुकडी या नदीमुखाच्या पुळणीवरून पाणबुडीत चढली. ऑगस्टमध्ये टॉर्बे ही दुसरी पाणबुडी आली. दोन्ही मिळून सुमारे दोनशे माणसं इजिप्तला पोचली.

दोनशे हा आकडा त्या युद्धाच्या हिशेबात काहीच नाही. पण ती रात्र मी मनाशी मांडून पाहते तेव्हा तो मला मोठा वाटतो. वरून येणारी वाट अंधारात उतरायची, दिवा नाही, बोलायचं नाही. खाली खजुरीच्या राईत माणसांनी दडून बसायचं. उन्हाळा असूनही तहानेचा प्रश्न नाही, कारण पायाशी नदी. दोन्ही बाजूंनी कडे, म्हणून किनाऱ्यावरून केलेला प्रकाशाचा इशारा फक्त समुद्राकडून दिसणार. लपायला सावली, प्यायला पाणी आणि समुद्राकडे उघडं तोंड, हे तिन्ही एका जागी असलेली दुसरी पुळण त्या किनाऱ्यावर शोधणं सोपं नव्हतं.

जर्मनांना सुगावा लागला. ऑगस्टच्या अखेरीस त्यांनी मठावर धाड घातली, धान्य-गुरं नेली, खालचा मठ उद्ध्वस्त केला. लागुवार्दोस निसटून इजिप्तला गेला आणि तिथेच वारला. मागच्या मठातला एक सोन्याने मढवलेला क्रूस, ज्यात येशूच्या मूळ क्रूसाचा तुकडा असल्याची श्रद्धा आहे, जर्मनांनी उचलला होता. मठात अजून सांगतात की तो ठेवलेलं विमान काही केल्या उडेना, म्हणून त्यांना तो परत करावा लागला. क्रूस आज मठातच आहे. डोळ्यांच्या दुखण्यासाठी नवस बोलायला माणसं त्याच्यासमोर येतात.

युद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी कृतज्ञता म्हणून मठाला चांदीच्या दोन मोठ्या समया भेट दिल्या. आता रस्त्याकडेला, समुद्रावर झुकलेल्या एका टेकाडावर स्मारक आहे. ब्राँझचे दोन पुतळे: एक सैनिक, आणि दुसरा झगा घातलेला मठाधिपती, ज्याच्या हातात बंदूक आहे. खालचा मठ मात्र तसाच पडका आहे. छपरं नाहीत, भिंतींतून अंजिराची रोपं उगवलेली. मागच्या मठापेक्षा मला तिथे जास्त वेळ थांबावंसं वाटलं.

साठच्या दशकाच्या शेवटी आणि सत्तरच्या दशकात युरोप-अमेरिकेतून फिरत निघालेली हिप्पी पोरं याच दक्षिण किनाऱ्यावरच्या मटाला गावाच्या गुहांत राहायला आली आणि तिथून पुढे प्रेवेलीच्या राईतही. कुणी झावळ्यांची खोपटं केली, कुणी महिनोन्‌महिने झाडाखालीच झोपलं. नंतर त्यांना हलवलं गेलं, आता राईत मुक्काम करायला बंदी आहे आणि ही जागा युरोपीय संघाच्या संरक्षित निसर्गक्षेत्रांच्या जाळ्यात येते. तो काळ रम्य असल्याचं लिहिणारे पुष्कळ आहेत. राईच्या दृष्टीने तो तितका बरा नव्हता असं मला वाटतं.

राईवरचं खरं संकट २२ ऑगस्ट २०१० ला आलं. वणवा घळीतून खाली आला आणि खजुरीचं बहुतेक वन काही तासांत कोळसा झालं. त्या दिवसांतली छायाचित्रं पाहवत नाहीत: डोहाच्या दोन्ही काठांना काळे खांब, पाण्यावर राख. सगळ्यांनी गृहीत धरलं की संपलं.

पण खजुरी आंब्या-फणसासारखी जळत नाही. आंब्याच्या खोडाचा जिवंत भाग सालीच्या लगेच आत, पातळ थरात असतो. तो भाजला की झाड गेलं. खजुरी, माड, ताड यांचं तसं नाही. माडाचा कापलेला ओंडका कधी पाहिला असेल तर आठवेल की त्यात वर्षावर्षाची वलयं नसतात, ठिपके असतात. प्रत्येक ठिपका म्हणजे पाणी-अन्न वाहून नेणारी एक नळी, आणि त्या सबंध जाडीत विखुरलेल्या असतात. बाहेरचं चार बोटं जळलं तरी आतल्या चालू राहतात. वाढीचा कोंब शेंड्याच्या गाभ्यात पानांच्या देठांनी गुंडाळलेला. वर हिच्या बाबतीत बुंध्यातून नवी खोडं काढण्याची सवय, जिची नोंद थिओफ्रास्टसने केली होती. आणि मुळांखाली नदी. काही महिन्यांतच काळ्या खोडांच्या टोकांवर हिरवी पानं फुटली. मी गेले तेव्हा राई इतकी दाट होती की सांगितल्याशिवाय वणव्याचं कळलं नसतं. फक्त जवळ जाऊन एका खोडावर हात फिरवला तेव्हा तळवा काळा झाला.

दुसरं संकट जास्त चिवट आहे, आणि कोकणातल्या बागायतदारांना ते नावानिशी माहीत आहे: सोंड्या भुंगा. माडाच्या खोडात शिरून आतून पोखरणारी ही कीड मूळची दक्षिण आशियाची. ऐंशीच्या दशकात ती आखाती देशांतल्या खजुराच्या बागांत पोचली, नव्वदच्या दशकात इजिप्त आणि स्पेनमध्ये. हॉटेलांच्या आणि बंगल्यांच्या दारात शोभेला लावायला मोठमोठी तयार झाडं इकडून तिकडे नेली गेली आणि त्यांच्या पोटात भुंगाही गेला. २००५ च्या सुमारास तो क्रीटमध्ये आढळला, आणि नंतर फिनिक्स थिओफ्रास्टीवरही. कोकणात आपण खोडाला पडलेल्या भोकातून भुसा आणि चिकट रस येतोय का पाहतो, कान लावून आत कुरतडण्याचा आवाज ऐकतो. क्रीटमध्येही आता तेच करतात. शोभेच्या परक्या खजुरी जवळपास लावल्याने परागसंकर होऊन मूळ जातच पातळ होण्याची भीतीही अभ्यासक सांगतात. वणवा एका दिवसात दिसतो; हे दोन्ही धोके दिसेपर्यंत वर्षं जातात.

जाणाऱ्यांसाठी थोडं. कड्यावर गाड्या लावायची जागा आहे, तिथून दगडी पायऱ्यांची वाट वीस-पंचवीस मिनिटांत खाली उतरते. सावली अजिबात नाही, आणि चढताना तीच वाट दुप्पट लांब वाटते. जुलै-ऑगस्टमध्ये प्लाकियास आणि आगिया गालिनीहून पर्यटकांच्या बोटी येतात तेव्हा पुळण भरून जाते. शांतता हवी असेल तर मे किंवा ऑक्टोबर, आणि सकाळी लवकर, बोटी यायच्या आत. राईत शिरताना पायवाट सोडू नका. बुंध्याशी उगवलेले कोंब पायाखाली सहज चिरडतात, आणि पानांची टोकं अंगाला बोचतात ती निराळीच. डोहाच्या काठाकाठाने आत गेलं की समुद्राचा आवाज हळूहळू मागे पडतो आणि बेडकांचा सुरू होतो.

नदी नेमकी कुठे ओलांडायची हे मात्र आधी ठरवून जाता येत नाही. हिवाळ्यातल्या पुराने वाळूचा दांडा फुटतो, लाटा तो पुन्हा बांधतात, आणि उन्हाळ्यात नदी समुद्रात शिरते ती बहुधा निराळ्या जागी. मी ज्या ठिकाणी पाय टाकला होता तिथे गुडघाभर पाणी होतं. पलीकडच्या काठावरून एक म्हातारे गृहस्थ हात हलवत होते. मला वाटलं नमस्कार करतायत. ते खरं तर आणखी वरच्या अंगाला सरका म्हणून सांगत होते. मी सरकले. तिथे पाणी घोट्यापर्यंतच होतं.